कॉम्प्युटरने ॲप अडवलं? आधी बघा, नक्की कोणी अडवलं

मावशीने घरातले जुने फोटो स्कॅन करायचं मनावर घेतलं. कपाटातून स्कॅनर काढला, तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फाइलवर दोनदा क्लिक केलं आणि पडद्यावर निळी चौकट आली. 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी.' खाली एकच बटण, 'डोन्ट रन'. तिने ते दाबलं. चौकट गेली, सॉफ्टवेअर काही सुरू झालं नाही. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तीच चौकट. कोणीतरी सांगितलं, अँटिव्हायरस बंद कर, मग चालेल. तिने बंद केला. चौकट तरीही आली. शेवटी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून मुलाच्या लॅपटॉपवर नेली, तर तिथे ती मुकाट्याने चालली. झालं, सगळ्यांचं एकमत झालं की मावशीचा कॉम्प्युटर बिघडलाय आणि विंडोज नव्याने टाकावं लागणार.

कॉम्प्युटर ठणठणीत होता. पण माझ्यापर्यंत ही गोष्ट पोचली तोवर अँटिव्हायरस पंधरा दिवस बंद होता, आणि मला तेच जास्त लागलं. फोटो आज ना उद्या स्कॅन झालेच असते. त्या पंधरा दिवसांत मात्र बँकेचे व्यवहार, मेल, सगळं ती त्याच कॉम्प्युटरवर करत होती. तेही अशा एका पहारेकऱ्याला घरी पाठवून, ज्याने तिला अडवलंच नव्हतं.

गोंधळ इथेच होतो. आपण 'सिक्युरिटी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच दार आणि एकच राखणदार असतो. प्रत्यक्षात विंडोजवर असे पाच-सहा जण उभे असतात. प्रत्येकाचं काम वेगळं, संशय वेगळ्या गोष्टीचा, आणि परवानगी द्यायची जागाही वेगळी. एकाने अडवलं म्हणून दुसऱ्याला हटवून काहीच साधत नाही. म्हणून ॲप अडलं की कुठलंही बटण दाबण्याआधी चौकटीतलं वाक्य शब्दन् शब्द वाचा, जमलं तर मोबाइलने फोटो काढून ठेवा. ते वाक्य कोणाचं आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

मावशीची निळी चौकट स्मार्टस्क्रीनची. हा पहारेकरी विंडोजमध्ये 2012 पासून, म्हणजे विंडोज 8 पासून आहे. तो फाइलच्या आत व्हायरस शोधत बसत नाही, ते काम अँटिव्हायरसचं. हा ओळख विचारतो. ही फाइल आधी किती जणांनी उतरवून घेतली आहे? तिच्यावर सही कोणाची आहे? त्या सहीच्या इतर फाइलींचा पूर्वेतिहास काय? उत्तर 'माहीत नाही' आलं की तो हात आडवा करतो. 'माहीत नाही' म्हणजे 'वाईट' नव्हे. एखाद्या छोट्या कंपनीचं कालच आलेलं प्रामाणिक सॉफ्टवेअरही त्याला अनोळखीच असतं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर आता फारसं कोणी उतरवत नसल्याने तेही तसंच.

मग मुलाच्या लॅपटॉपवर ती फाइल कशी चालली? याचं उत्तर फार कमी जणांना माहीत असतं. इंटरनेटवरून फाइल उतरवली की ब्राउझर तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो: 'ही बाहेरून आली आहे.' विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे 2004 पासून ही सोय आहे. चिठ्ठीत एक आकडा असतो. 3 म्हणजे इंटरनेट. बऱ्याचदा फाइल कुठल्या पत्त्यावरून आली हेही तिच्यात लिहिलेलं असतं. स्मार्टस्क्रीन ही चिठ्ठी बघूनच जागा होतो. पण चिठ्ठी फाइलच्या आत नसते, डिस्कच्या एनटीएफएस या मांडणीत फाइलला जोडलेला एक वेगळा कप्पा असतो, त्यात ती राहते. पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत असा कप्पाच नसतो. फाइल पेनड्राइव्हवर गेली की चिठ्ठी गळून पडते. मुलाच्या लॅपटॉपला वाटलं, ही आपल्याच घरची फाइल आहे. तिथे ती तपासून सोडली गेली नव्हती, न तपासताच आत गेली होती. मावशीचा कॉम्प्युटर काम चोख करत होता.

निळ्या चौकटीतून पुढे जायची वाट जरा आडबाजूला ठेवलेली आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. मजकुराच्या शेवटी बारीक अक्षरात 'मोअर इन्फो' असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की फाइलचं नाव आणि 'पब्लिशर' अशी ओळ दिसते आणि 'रन एनीवे' हे दुसरं बटण उगवतं. बटणाकडे हात जाण्याआधी पब्लिशरची ओळ वाचा. तिथे तुम्हाला अपेक्षित असलेल्या कंपनीचं नाव आहे का? 'अननोन पब्लिशर' असेल तर फाइलवर सहीच नाही.

सहीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळे पहारेकरी तिच्याभोवती फिरतात. सॉफ्टवेअर बनवणारा आपल्या फाइलवर डिजिटल सही करतो. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट त्याला त्रयस्थ संस्था ओळख पटवून देते. सही झाल्यावर फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. म्हणजे सही दोन गोष्टी सांगते: ही फाइल अमुक एकाची आहे, आणि वाटेत तिच्यात कोणी हात घातलेला नाही. फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. सही असेल तर तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब दिसतो, त्यात नाव आणि सही वैध आहे की नाही हे बघता येतं.

पण सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने सह्या केलेल्या होत्या. 2017 मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी बनवणाऱ्याच्या यंत्रणेत शिरून आपला कोड घातला, आणि ती फाइल अधिकृत साइटवरून, वैध सहीसकट लोकांपर्यंत पोचली. म्हणूनच सही तपासणारा, ओळख विचारणारा आणि आत डोकावणारा असे वेगवेगळे पहारेकरी लागतात. एक चुकला तर दुसरा असतो.

एक छोटी गोष्ट, पण तिने माझे अनेक तास वाचवले आहेत. कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. प्रत्येक सर्टिफिकेटला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, त्यामुळे अशा कॉम्प्युटरला चांगली सर्टिफिकेटंही अवैध वाटू लागतात आणि साइट्सही उघडेनाशा होतात. सगळंच एकदम अडायला लागलं तर आधी तारीख तपासा.

फाइल खात्रीची आहे असं ठरलं की चिठ्ठी काढून टाकता येते. प्रॉपर्टीजमध्येच, 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक' असा चौकोन असतो. तिथे टिक करून 'ओके' म्हटलं की झालं. झिप फाइल असेल तर हे काम ती उलगडण्याआधी करा. विंडोज स्वतः झिप उलगडताना आतल्या फाइलींनाही तीच चिठ्ठी चिकटवतं, मग शंभर फाइली असतील तर अडथळेही पावलोपावली येतात. उतरवलेली एक्सेल फाइल उघडल्यावर मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत आणि वर लाल पट्टी येते, तीही याच चिठ्ठीमुळे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच बंद ठेवले. तिथेही वाट 'अनब्लॉक'चीच आहे. मात्र फाइल अनोळखी मेलमधून आली असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊ नका. मॅक्रो चालू करायला लावणं ही हल्लेखोरांची जुनी आणि आवडती युक्ती आहे.

अँटिव्हायरसने अडवलं तर चित्र वेगळं दिसतं. निळी चौकट येत नाही, फाइलच गायब होते. आत्ता उतरवली होती, आत्ता नाही. किंवा ॲप काल चालत होतं आणि आज त्याचा आयकॉन क्लिक केला की विंडोज म्हणतं, फाइल सापडत नाही. अशा वेळी 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, काय पकडलं, कधी पकडलं आणि त्याला कुठलं नाव दिलं, हे सगळं तिथे तारीखवार असतं. पकडलेली फाइल बहुतेकदा 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे वेगळ्या कोठडीत ठेवलेली असते. खात्री असेल तर तिथूनच ती परत आणता येते.

खात्री कशी करायची? व्हायरसटोटल या साइटवर फाइल दिली की ती अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून मिळते. एखाद-दुसऱ्याने संशय घेतला आणि बाकी सगळे गप्प राहिले, तर चूक त्या एखाद-दुसऱ्याची असू शकते. नावाजलेल्यांपैकी अनेकांनी लाल शेरा मारला तर विषय तिथेच संपवा. आणि स्वतःची कागदपत्रं, पगाराच्या फाइली, कोणाचे अहवाल तिथे कधीही चढवू नका. तिथे दिलेल्या फाइली सुरक्षा क्षेत्रातल्या इतर लोकांनाही मिळू शकतात.

आता ज्याच्यामुळे माणसं सर्वांत जास्त हैराण होतात, तो पहारेकरी. याचं नाव 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमांनी 2017 मध्ये जगभर धुमाकूळ घातला, मे महिन्यातला वॉनाक्राय तुमच्या लक्षात असेल. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज 10 च्या अपडेटमध्ये ही सोय आली. ती ॲप सुरू व्हायला अडवत नाही. ॲप छान उघडतं, तुम्ही तासभर काम करता, आणि 'सेव्ह' म्हटलं की ॲप म्हणतं 'फाइल सापडली नाही', किंवा 'परवानगी नाही', किंवा नुसतंच बंद पडतं. कारण डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरांत लिहायची मुभा फक्त विश्वासातल्या ॲपना असते. कोपऱ्यात 'अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड' अशी सूचना येऊन जाते, पण कामाच्या नादात ती दिसत नाही. ॲपला तर आपल्याला कोणी अडवलं हेच कळत नाही, त्यामुळे ते भलतंच कारण सांगतं. लोक ॲपला दोष देतात, ते काढून पुन्हा टाकतात, पुन्हा तेच.

ओळखायची सोपी खूण अशी: तीच फाइल दुसऱ्या एखाद्या साध्या, स्वतः तयार केलेल्या फोल्डरमध्ये सेव्ह करून बघा. तिथे झाली आणि डॉक्युमेंट्समध्ये झाली नाही, तर संशय याच्यावर घ्या. ही सोय सुरुवातीला बंदच असते. कोणीतरी कधीतरी चालू केलेली असते आणि नंतर विसरलेली असते. 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये जाऊन त्या एका ॲपला परवानगी द्या. सगळी सोय बंद करू नका, कारण ती नेमक्या तुमच्या फोटोंची आणि कागदपत्रांची राखण करते.

'तुम्ही या ॲपला बदल करू देता का?' असं विचारणारी, पडदा काळवंडून येणारी चौकट मात्र अडवणारी नाही, विचारणारी आहे. विंडोज व्हिस्टापासून ती आपल्या सोबतीला आहे. अनोळखी ॲपसाठी तिची पट्टी पिवळी असते. ती लाल आली आणि ॲडमिनिस्ट्रेटरने अडवलंय असं म्हणू लागली, तर घरच्या कॉम्प्युटरवर माणूस चक्रावतो: ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच! तिथे बहुधा सहीचं सर्टिफिकेट रद्द झालेलं किंवा अविश्वसनीय ठरलेलं असतं. बनवणाऱ्याकडून नवी आवृत्ती घेणं हाच योग्य इलाज.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र ॲडमिनिस्ट्रेटर खरोखरच कोणीतरी दुसरा असतो, आणि कुठलं ॲप चालायचं याची यादी त्याने ठरवलेली असते. तिथे पळवाटा शोधू नका. ॲपचं नाव, आवृत्ती, बनवणारा, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, चौकटीचा फोटो आणि तुम्हाला ते कशासाठी हवंय, एवढं एका मेलमध्ये लिहून पाठवा. 'चालत नाही, बघा जरा' या मेलपेक्षा हे काम कितीतरी लवकर होतं.

विंडोज 11 मध्ये 'स्मार्ट ॲप कंट्रोल' नावाचा आणखी एक कडक पहारेकरी आहे. त्याच्याकडे एका ॲपपुरती सूट द्यायची सोय नाही, एक तर तो चालू नाही तर बंद. आणि एकदा बंद केला की बऱ्याच आवृत्त्यांमध्ये विंडोज नव्याने टाकल्याशिवाय पुन्हा चालू करता येत नाही. त्यामुळे त्याला हात लावण्याआधी त्याच ॲपची सही असलेली आवृत्ती मिळते का ते बघा. काही लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात, त्यांवर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप चालतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परतीची वाट नाही.

मॅकवर हे काम गेटकीपर करतो, तोही 2012 पासूनचाच. तिथेही उतरवलेल्या फाइलला 'क्वारंटाइन'ची चिठ्ठी लागते. शिवाय मॅकच्या 2019 मधल्या कॅटलिना या आवृत्तीपासून स्टोअरबाहेरचं ॲपही आधी ॲपलकडून तपासून घ्यावं लागतं. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की अडवलेलं ॲप उघडता यायचं, 2024 च्या सिकोया आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. आता ॲप एकदा उघडायचा प्रयत्न करायचा, मग 'सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून खाली जायचं, तिथे 'ओपन एनीवे' दिसतं. हे बटण प्रयत्नानंतर साधारण तासभरच राहतं, आणि म्हणूनच अनेकांना ते सापडत नाही. मॅकने 'हे ॲप तुमच्या कॉम्प्युटरला हानी करेल' असं म्हटलं तर मात्र ओळखीचा प्रश्न उरलेला नसतो. ते कचऱ्यात टाका.

जुन्या यंत्रांच्या पॅनेलशी काम करणाऱ्यांना जावाची चौकटही भेटते: 'ॲप्लिकेशन ब्लॉक्ड बाय सिक्युरिटी सेटिंग्ज'. जानेवारी 2014 मध्ये आलेल्या जावा 7 च्या 51 व्या अपडेटपासून सही नसलेले किंवा स्वतःच स्वतःची सही केलेले ॲपलेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम, मुळातच अडवले जातात. जावा कंट्रोल पॅनेलच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्ये 'एक्सेप्शन साइट लिस्ट' आहे. तिथे त्या यंत्राचा पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएससकट, पोर्टचा आकडा असेल तर तोही धरून, जसाच्या तसा लिहावा लागतो. पोर्ट राहिला की सूट लागू होत नाही, आणि मग लोक सुरक्षेची पातळीच खाली आणायला जातात.

आणि काही वेळा सुरक्षेचा काही संबंधच नसतो. 'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी' ही चौकट दिसायला पहारेकऱ्याचीच वाटते. पण तिचा अर्थ बहुधा एवढाच की 64-बिटचं, म्हणजे नव्या धाटणीचं ॲप 32-बिटच्या जुन्या धाटणीच्या विंडोजवर चालवलं जातंय, किंवा डाउनलोड अर्धवट राहिलंय. फाइलचा आकार साइटवर लिहिलेल्या आकाराशी ताडून पाहा आणि पुन्हा उतरवा. इथे सुरक्षा बंद करून हाती काहीही लागत नाही.

'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा' असं फाइलसोबतच लिहिलेलं असेल तर तिथून मागे फिरा. फुकटात 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरसोबत हे वाक्य हमखास येतं. फोनवरून मदतीच्या नावाखाली असं सांगणारा माणूसही त्याच हेतूने बोलत असतो.

मावशीला मी फोनवरूनच आधी अँटिव्हायरस चालू करायला लावला. मग 'मोअर इन्फो'. पब्लिशरच्या ओळीत स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीचंच नाव होतं, फाइलही त्यांच्याच साइटवरून आलेली. 'रन एनीवे', मग पडदा काळवंडला, 'येस', आणि तिसऱ्या मिनिटाला स्कॅनरचा दिवा लागला. फोन ठेवण्याआधी तिला अँटिव्हायरसमधली सवलतींची यादी उघडायला सांगितली, कारण अशा वेळी दिलेली सूट काम झाल्यावर कोणी परत घेत नाही. यादीत अख्खा डाउनलोड्स फोल्डर होता, 'तपासू नका' या खुणेसह. सल्ला देणाऱ्याने जाता जाता तोही घालून ठेवला होता. ती ओळ काढली, त्या फोल्डरची पूर्ण तपासणी लावली, आणि ती संपेपर्यंत आम्ही फोनवरच थांबलो.